कंबर धरली की: व्यायाम, पाला आणि पायी चालणं

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय मीच निवडावा असं सांगितलं. शाळेच्या आठवणींवर बोलणारे आज पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा छान बोलतात. मी पंचवीस-सव्वीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. पवनार सोडून अमरावतीला गेले, पण लग्न असो, तेरवी असो, गावी आले की ओसरीवर दोन-चार जणं कंबर दाखवायला बसलेली असतातच. म्हणून म्हटलं, आज सगळे एका ठिकाणी आहेत, तर एकदाच सांगून टाकू.

दुसरंही एक कारण आहे. तीन महिन्यांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा फोन आला. त्याचं नाव सांगणार नाही, पण बाकीचं सांगायला त्याची परवानगी घेतली आहे. म्हणाला, “मणक्यात गॅप निघाला, नस दबली म्हणते, ऑपरेशन सांगितलं. दोन एकर काढून टाकावे म्हणतो.” दुखणं सुरू होऊन किती दिवस झाले म्हणून विचारलं, तर पाच आठवडे. पाच आठवड्यांच्या दुखण्यासाठी बापाचं वावर विकायला निघालेला माणूस! त्याचं पुढे काय झालं ते सांगते, पण त्याआधी थोडं दुखण्याबद्दल.

आपल्याकडे कंबरदुखीला किती शब्द आहेत बघा. उसण भरली, लचकली, चमक निघाली, कंबर धरली, गादी सरकली, गॅप पडला. यातली उसण सगळ्यांना माहीत आहे. पाण्याची गुंडी उचलताना कळ येते, माणूस वाकडा होतो आणि तसाच राहतो. आपल्या वर्गातला एक जण पायाळू होता, आठवतं? तो आत्ता मागे बसून हसतो आहे. अख्ख्या गावात कुणाला उसण भरली की याला झोपेतून उठवून न्यायचे, आणि हा त्या माणसाच्या कमरेवर पाय द्यायचा. माणसं बरीही व्हायची. त्याला चहा मिळायचा, कधी चार आणेही मिळायचे.

ती बरी का व्हायची? कारण साधी उसण बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत, फार तर महिना-दीड महिन्यात आपोआप उतरते. तोपर्यंत तुम्ही पायाळूची लाथ खा, तेल चोळा, इंजेक्शन घ्या किंवा माझ्याकडे या, जो शेवटचा उपाय केला त्याला श्रेय मिळतं. मीही असं श्रेय पुष्कळ खाल्लं आहे. यात वाईट काही नाही. पण हे एकदा समजलं की माणूस घाबरत नाही आणि पहिल्याच आठवड्यात हजारो रुपये घालत नाही.

जगाचा हिशेब बघायचा तर २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांमध्ये हे जगात पहिल्या नंबरवर आहे. म्हणजे आपण काही एकटे नाही.

पण आपल्या भागातली कंबर वेगळी आहे, असं मी नेहमी म्हणते. ऑफिसातल्या माणसाची कंबर बसून दुखते, आपल्या बायांची वाकून. सरकी टोबायची वाकून, निंदण वाकून, सोयाबीन सवंगायचं वाकून, आणि दिवाळीच्या आसपास वेचा सुरू झाला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत पऱ्हाटीच्या तासात वाकून, कमरेला बांधलेलं फडकं कापसानं भरत जातं ते वेगळंच ओझं. मजुरी किलोवर, म्हणून कुणी उभं राहून पाठ सरळ करत नाही. माझी आई अशीच वेचायला जायची. तिची कंबर धरली तेव्हा मी नववीत होते. एकानं सांगितलं, फळीवर झोपा, तीन महिने उठायचं नाही. आईनं ते मनापासून पाळलं. घरात स्वयंपाक माझ्याकडे आला, त्या वर्षी माझ्या शाळेचे दिवस किती बुडाले ते बाईंना आठवत असेल. तीन महिन्यांनी ती उठली तेव्हा मांड्या काडीसारख्या झाल्या होत्या आणि दोन पावलं टाकताना भिंत धरत होती. दुखणं होतं तिथंच होतं.

१९८६ मध्येच अमेरिकेत डेयो नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं होतं. कंबरदुखीच्या काही रोग्यांना दोन दिवस आराम सांगितला, काहींना सात दिवस. बरं होण्यात फरक पडला नाही, पण दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. तेव्हापासून जगभर सल्ला बदलत गेला: कळ असह्य असेल तर एक-दोन दिवस पडा, मग उठा आणि जमेल तेवढं हला. आमच्या घरापर्यंत तो सल्ला पोचला नव्हता. आजही सगळ्या घरांपर्यंत पोचलेला नाही, म्हणून इथं सांगते.

आता गॅप. एमआरआयच्या कागदावर ‘डिस्क बल्ज’ लिहिलेलं असतं, आणि घरी येईपर्यंत त्याचा गॅप होतो. मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. वय वाढतं तशा त्या सुकतात, थोड्या फुगतात. केस पांढरे व्हावेत तसंच हे. १९९४ मध्ये अमेरिकेतच ९८ अशा माणसांचे एमआरआय काढले, ज्यांना कंबरदुखी अजिबात नव्हती. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या एका तरी गादीला फुगवटा होता. म्हणजे आत्ता या मांडवातल्या सगळ्यांचे एमआरआय काढले तर निम्मे जण उद्या कामाला जाणार नाहीत, नुसता कागद वाचूनच! कागदावरून ऑपरेशन ठरत नाही. ते ठरतं पायावरून. नस खरोखर दबून पायाची ताकद जाते आहे का, हे बघायचं असतं.

घरच्या घरी बघायचं तर भिंतीला हात टेकवून दहा पावलं टाचांवर चाला, दहा पावलं चवड्यांवर चाला. एका बाजूला पाऊल उचललं जात नसेल, चप्पल पायातून आपोआप सुटत असेल, तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा. आपल्या मित्राला मी फोनवर हेच करायला लावलं. त्याला दोन्ही जमलं. पायात कळ होती, मुंग्या होत्या, पण ताकद पूर्ण होती. मी म्हटलं, वावर विकायचं नाव काढू नको. सेवाग्रामला जा, तिथं आणखी एका डॉक्टरचं मत घे. तिथल्या डॉक्टरांनीही तपासून सांगितलं, घाई नाही, सहा-आठ आठवडे व्यायाम करू, ताकद कमी झाली तर लगेच या. गादी सरकून पायात उतरलेलं दुखणंसुद्धा बहुतेकांचं काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत कमी होतं, बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं. काहींना ऑपरेशन लागतं, आणि लागलं तर ते करावंच, त्यालाही घाबरू नये. आज तीन महिने झाले. त्याचं दुखणं निम्म्यावर आलं आहे, पूर्ण गेलेलं नाही. रोज दोन किलोमीटर चालतो. दोन एकर अजून त्याच्याच नावावर आहेत.

व्यायामाकडे येण्याआधी आपल्या गावातली एक गोष्ट. आपण रोज धामच्या पुलावरून जात-येत होतो, टेकडीवरचा आश्रम दिसायचा, सहलीलाही तिथंच न्यायचे, त्यामुळे कुणाला त्याचं अप्रूप नव्हतं. विनोबा पवनारला पहिल्यांदा राहायला आले ते १९३८ मध्ये, आणि आले ते तब्येत पार ढासळली म्हणून. वजन ८८ पौंड, म्हणजे चाळीस किलो. पूल ओलांडताना सगळ्या कामांची काळजी मी सोडली, असं त्यांनी मनाशी तीनदा म्हटलं आणि मग टेकडीवर काय केलं, तर कुदळ घेऊन खणायला लागले. पण कसं? पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. मग रोज थोडं वाढवत, मध्ये मध्ये क्षणभर थांबत, शेवटी दोन तासांपर्यंत. वर्षभरात वजन सुमारे ४० पौंडांनी वाढलं. त्या खणण्यातच भरत-राम भेटीची ती मूर्ती सापडली, जी आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

विनोबांना कंबरदुखी होती असं मी म्हणत नाही. त्यांचं दुखणं अशक्तपणाचं होतं. पण मी माझ्या रोग्यांना ही गोष्ट सांगते ती त्या पाच मिनिटांसाठी. आपली माणसं एक तर काहीच करत नाहीत, नाही तर पहिल्याच दिवशी पन्नास सूर्यनमस्कार घालतात आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात. आजच्या फिजिओथेरपीच्या पुस्तकात व्यायाम कसा वाढवावा यावर पानंच्या पानं आहेत. पवनारच्या टेकडीवर तेच घडलं होतं.

व्यायाम नेमके कोणते? फार नाहीत. कंबर नुकतीच धरली असेल तेव्हा पाठीवर झोपा, पाय गुडघ्यात मोडा, आणि गुडघे हळूच डावी-उजवीकडे झुलवा. मग एकेक गुडघा छातीकडे आणा. ज्यांना वाकून काम केल्यानं दुखतं, त्यांना पालथं झोपून कोपरांवर टेकलं की बरं वाटतं. दोन मिनिटं नुसतं तसं पडायचं, पुढे जमलं तर हात सरळ करत भुजंगासन. यात एक खूण लक्षात ठेवा. पायात उतरलेली कळ जर कमरेकडे वर सरकू लागली, तर कमरेत थोडं जास्त दुखलं तरी ते चांगलं चिन्ह आहे. कळ खाली पोटरीत, पावलात जाऊ लागली तर तो व्यायाम तुमचा नाही, थांबा. अंगाला ऐकून व्यायाम बदलायचा असतो, टीव्हीवरच्या बाबाला ऐकून नाही.

कळ ओसरली की ताकदीचे व्यायाम. पाठीवर झोपून पाय मोडून कंबर वर उचलायची, सेतुबंध म्हणतात ते. दहा मोजेपर्यंत धरायचं, दहा वेळा. मग लहान मूल रांगतं तसं हातागुडघ्यांवर या. उजवा हात समोर आणि डावा पाय मागे, पाठ हलू न देता. मग उलट. पाठीवर पाण्याचा गडू ठेवलाय असं समजा, सांडू द्यायचा नाही. तिसरा, कुशीवर झोपून कोपर आणि गुडघा टेकवून कंबर उचलायची. या तिन्हींना पंधरा मिनिटं लागतात. आठवड्यातून पाच दिवस करा. पी.टी.च्या सरांनी आपल्याकडून यातले निम्मे करून घेतलेच होते, तेव्हा आपण चिंचेखाली लपायचो.

सूर्यनमस्काराविषयी पुष्कळ जण विचारतात. चांगला व्यायाम आहे, पण कळ चालू असताना पुढे वाकून हात टेकवणं टाळा. बरं वाटल्यावर हळूहळू सुरू करा.

आणि ज्या मैत्रिणी आजही वेच्याला, सवंगणीला जातात त्यांच्यासाठी. व्यायामाला पंधरा मिनिटं कुठून आणायची, हे मला माहीत आहे. मी चुलीपुढे मोठी झाले आहे. तुम्ही एवढंच करा: तास संपलं, बांधावर आलात, की सरळ उभ्या राहा, दोन्ही हात कमरेवर मागून ठेवा आणि पाच वेळा मागे झुका. अर्धं मिनिट लागतं. फडकं पूर्ण भरायच्या आधी रिकामं करा. वाकताना गुडघे थोडे मोडा आणि खुब्यातून वाका. भारा उचलायचा तर छातीशी धरून, आणि उचलून झाल्यावर पायांनी वळा, कंबर पिळू नका. फवारणीचा पंप पाठीवर घेताना उंच बांधावर ठेवून घ्या, जमिनीवरून झटक्यात नको. एसटीत, ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर दिवस काढणाऱ्यांनी तासा-दीड तासानं खाली उतरून तेच पाच वेळा मागे झुकणं करावं.

कमरेच्या पट्ट्याबद्दल सांगते, कारण इथं किमान चार जणांच्या शर्टाखाली तो मला दिसतो आहे. २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात कंबरदुखी पुन्हा होऊ नये म्हणून पट्ट्याचा उपयोग दिसला नाही. व्यायामाचा दिसला, नुसत्या व्यायामानं धोका सुमारे एक तृतीयांश कमी आणि व्यायामासोबत माहिती दिली तर आणखी कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही पट्टे आणि ओढ लावणं, म्हणजे ट्रॅक्शन, नको असंच म्हटलं आहे. ट्रॅक्शनचं यंत्र आमच्याही विभागात आहे, त्यावर आता धूळ बसली आहे, आणि बसू द्यावी.

आता पाल्याकडे. मी ऍलोपॅथीच्या दवाखान्यात काम करते म्हणून जडीबुटीला नाक मुरडते, असं कुणी समजू नये. आपल्या बांधावर निर्गुडी आहे, एरंड आहे, रुई आहे. चरकसंहितेत गृध्रसीचं वर्णन आहे: दुखणं खुब्यापासून निघून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल असं उतरतं. आज आम्ही ज्याला सायटिका म्हणतो त्याचा रस्ता हाच. इतकं बारीक पाहणाऱ्या लोकांचे उपाय मी हसण्यावारी नेत नाही.

निर्गुडीचा पाला पाण्यात उकळायचा, त्या पाण्यात फडकं बुडवून पिळून कमरेला शेक द्यायचा, पंधरा-वीस मिनिटं. तेल करायचं तर वाटीभर तिळाच्या तेलात चार वाट्या निर्गुडीच्या पाल्याचा रस घालून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ठेवायचं. झालं की नाही हे बघायला त्यात कापसाची वात भिजवून पेटवायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. एरंडाचं पान तेल लावून तव्यावर कोमट करून बांधतात, तेही चांगलं. मोहाचं तेल, म्हणजे टोळीचं तेल, आमची आजी चोळायची. वास सगळ्या घरभर. हे सगळे उपाय काय करतात? ऊब देतात, आखडलेले स्नायू सैल करतात, आणि कुणीतरी आपल्या पाठीवर मायेनं हात फिरवतं. त्यानं कळ कमी होते आणि कळ कमी झाली की माणूस हलू लागतो. शेक दिल्यावर तासभर पडून राहण्यापेक्षा शेक दिल्यावर लगेच व्यायाम करा, तेव्हा अंग मऊ असतं. माझं एवढंच म्हणणं आहे: पाला व्यायामाच्या आधी, व्यायामाच्या ऐवजी नाही.

एक गंमत. त्या जागतिक आरोग्य संघटनेनं वनस्पतींच्या उपायांचाही विचार केला. पाश्चात्त्य देशांत नावाजलेल्या दोन औषधी वनस्पतींना नको म्हटलं आणि लावायचं एक मलम चालेल म्हटलं, ते तिखट मिरचीचं! मिरचीतल्या तिखटानं कातडीखालच्या कळ सांगणाऱ्या नसा काही काळ थंडावतात. म्हणून घरी जाऊन भिवापुरी मिरची वाटून लावू नका, दुकानात तयार मलम मिळतं. ते लावलेला हात डोळ्याला लागू देऊ नका.

पोटात घ्यायच्या गोष्टी. आपल्या जिल्ह्यातली वायगावची हळद प्रसिद्धच आहे, २०१६ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. हळद, सुंठ, मेथी, ओवा जेवणातून खा, दुधातून घ्या, काही हरकत नाही. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या. हृदयासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत त्यांनी त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गुग्गुळाचे कल्प, रास्नेचा काढा हे शिकलेल्या वैद्याकडून, नाडी-पोट दाखवून घ्या. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल आपल्याकडे देतात. पोट साफ झालं की कंबरेचा ताण कमी वाटतो, हे खरं. गरोदर बाईला मात्र ते देऊ नये. डिंकाचे लाडू खा, पण चार लाडू खाऊन चालणं बंद केलं तर वजनच वाढेल, आणि ते उचलायचं कंबरेलाच आहे.

काही गोष्टी मात्र बंदच करा. बिब्बा लावणं आणि डाग देणं. भाजल्याची कळ मोठी म्हणून आतली कळ विसरते, एवढंच होतं, आणि मधुमेह असेल तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी गरम विटेचा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पायाला घेऊच नये. चटका लागलेला कळत नाही, कळतो तेव्हा फोड आलेला असतो. असे पाय मी दर हिवाळ्यात पाहते. रुईचा चीक डोळ्यापासून दूर ठेवा.

सगळ्यात जास्त भीती मला बाजारातल्या पुडीची वाटते. वर लेबल नाही, असलं तर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ एवढंच. तीन दिवसांत दुखणं गायब, भूक वाढते, माणूस खूश. सहा महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल, पायावर सूज, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. ज्या झाडपाल्याचा गुण एका रात्रीत येतो, त्यात झाडपाला नसतो. इथं कुणी अशी पुडी बऱ्याच दिवसांपासून घेत असेल तर माझं बोलणं ऐकून आजच एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू उतरवतील. हेच रोज दुकानातून आणून खाल्लेल्या कळ थांबवायच्या गोळ्यांचं. पाच-सात दिवस ठीक, वर्षानुवर्षं खाल्ल्या की मूत्रपिंडावर जातात.

आता ज्यासाठी खरं तर मी उभी राहिले ते. प्रत्येक कंबरदुखी साधी नसते. आपल्या वर्गातली एक मैत्रीण, तीही इथं आहे, आठ महिने कंबर चोळून घेत होती. शेक झाला, पट्टा झाला, मालिश झाली. दिवसा दुखायचं तसं रात्रीही दुखायचं, कूस बदलून फरक नाही. संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरलं. घरचे म्हणाले, कामानं वाळली. आठव्या महिन्यात पाय जड पडायला लागले तेव्हा तपासणी झाली. मणक्याचा क्षयरोग निघाला. टीबी फक्त छातीत होतो असं आपल्याला वाटतं, तो हाडातही होतो, आणि पाठीच्या मणक्यात विशेष. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण मणक्याच्या टीबीला ते वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्यावं लागतं. तिनं एकही दिवस चुकवला नाही. आज सकाळी ती शाळेचा जिना चढून आपल्या वर्गात जाऊन बसली होती, सगळ्यांनी पाहिलं. पण आणखी दोन महिने गेले असते तर ती चढली असती की नाही, मी सांगू शकत नाही. म्हणून मी म्हणते, ताप, वजन घटणं, रात्री झोप उडवणारं दुखणं, यातलं काही असेल तर त्या कमरेला तेल लावत बसू नका.

तसंच, आधी कधी कॅन्सर झालेल्याची नवी कंबरदुखी, पडल्यानंतरची कंबरदुखी. आपले गुरुजन आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. बाई, सर, तुमच्यासाठी: साधं पाय घसरून बसल्यावर किंवा बादली उचलल्यावर पाठीत एकदम कळ आली आणि हटली नाही, तर एक्स-रे काढा. वयानं हाडं विरळ होतात, मणका दबून मोडू शकतो. असं असेल तेव्हा मालिश नको.

आणि एक अशी गोष्ट जी सकाळवर टाकायची नाही. कंबरदुखीसोबत लघवी अडली, किंवा झालेली कळेनाशी झाली, बसायच्या जागेवर बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे पडत चालले, तर त्याच रात्री गाडी काढा. सेवाग्राम आणि सावंगी दोन्ही आपल्याला अर्ध्या-पाऊण तासावर आहेत, हे नशीब मेळघाटातल्या माणसाचं नाही. तिथं ऑपरेशन काही तासांत झालं तर लघवीवरचा ताबा परत येण्याची आशा जास्त असते. इथं लाजू नका. बाया हे सांगायला लाजतात आणि उशीर होतो.

शेवटी चालण्याबद्दल. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ माणसांना दोन गटांत वाटलं. एका गटाला फिजिओथेरपिस्टनं हळूहळू वाढवत आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं, दुसऱ्याला तसं काही नाही. न चालणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांची २०८. ना यंत्र, ना गोळी. मी तो वाचला तेव्हा मला आपलं गाव आठवलं. मार्च १९५१ मध्ये विनोबा पवनारहून शिवरामपल्लीला पायी निघाले, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते, आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे. पुढे भूदान सुरू झालं आणि देशभर चालून ते १९६४ मध्ये परत आले. आपल्याला एवढं चालायचं नाही. शाळेच्या फाटकापासून धामच्या पुलापर्यंत आणि परत, एवढं पुरे. पायात चप्पल धड असावी. पहिल्या दिवशी पाच मिनिटं.

वेळ संपली असं सूत्रसंचालक घड्याळ दाखवून सांगत आहेत. जेवणाची पंगत खाली आहे, पण ज्यांना मांडी घालून बसवत नाही त्यांच्यासाठी वर्गातली बाकं व्हरांड्यात लावली आहेत, तिथं खुशाल बसा, कुणी हसणार नाही. जेवल्यावर मी चिंचेखाली आहे, चार वाजेपर्यंत. एमआरआयची पाकिटं आणलेल्यांनी ती गाडीतच राहू द्या. आधी मला टाचांवर चालून दाखवा.